कागदाची गोष्ट कुठे थांबते?

कीटकांच्या संप्रेरकांविषयी कोणताही सोपा लेख उघडा, त्यात एक गोष्ट हमखास सापडते. १९६४ च्या सुमारास प्रागहून कारेल स्लामा नावाचे संशोधक अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत आले. सोबत त्यांनी पायऱ्होकोरिस नावाचे लाल-काळे ढेकूण आणले होते. प्रागमध्ये हे ढेकूण वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने वाढत होते. पाच वेळा कात टाकायची, पाचव्या कातीनंतर पंख फुटलेला प्रौढ बाहेर यायचा, असा त्यांचा शिरस्ता. हार्वर्डमध्ये मात्र पाचव्या कातीनंतर प्रौढ होण्याऐवजी ते सहाव्या अवस्थेचे भलेमोठे पिल्लू होऊ लागले, काही तर सातव्या अवस्थेपर्यंत गेले, आणि शेवटी प्रौढ न होताच मेले. पाणी तपासले, खाद्य तपासले, उजेड तपासला. अखेरीस दोष निघाला बरणीत घातलेल्या कागदी टॉवेलचा. तो कागद काढून साधा गाळणकागद घातल्यावर ढेकूण पुन्हा शहाण्यासारखे वाढू लागले.

मग दोघांनी हाताशी येतील ते कागद तपासायला घेतले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘वॉल स्ट्रीट जर्नल’, ‘सायन्स’ आणि ‘सायंटिफिक अमेरिकन’ यांचा कागद ढेकणांना बाधत होता. लंडनचा ‘टाइम्स’ आणि ‘नेचर’ यांचा बाधत नव्हता. अमेरिकन कागदाच्या लगद्यात बाल्सम फर नावाच्या सूचिपर्णी झाडाचे लाकूड असते, आणि त्या लाकडात कीटकांच्या बाल्यसंप्रेरकासारखे काम करणारा एक पदार्थ असतो, असे निष्पन्न झाले. १९६६ साली त्याची रचना कळली व त्याला ज्युव्हाबिओन असे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र ‘कागदी घटक’ हेच नाव बसले.

ही गोष्ट जगभर पोचवली ती विल्यम्स यांच्याच एका लेखाने. जुलै १९६७ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी ‘तिसऱ्या पिढीची कीटकनाशके’ या अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. (ज्या मासिकाच्या कागदाने ढेकणांचे बालपण लांबवले त्याच मासिकात तो छापून यावा, हा योग गमतीचा खरा.) विज्ञान सोपे करून सांगणाऱ्या लेखनात या लेखाचे स्थान वरचे आहे, आणि आपल्या शिक्षकांच्या टिपणांत, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत, शेतीविषयक सदरांत आजही कीटक संप्रेरकांची जी माहिती फिरते तिचा साचा बराचसा तिथून आलेला दिसतो. म्हणूनच त्याचे गुण आणि त्याच्या उणिवा दोन्ही तपासून पाहण्याची गरज आहे.

गुण आधी सांगतो. रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली प्रसिद्ध झाले होते आणि डीडीटीविषयी वाद पेटला होता. अशा वेळी विल्यम्स यांनी नुसता निषेध केला नाही. पहिली पिढी शिशाच्या आर्सेनेटसारख्या जहाल विषांची, दुसरी डीडीटीची, आणि तिसरी कीटकाच्या स्वतःच्या संप्रेरकांची, अशी सरळ मांडणी करून त्यांनी एक वाट दाखवली. जे रसायन माणसाच्या शरीरात काही कामच करत नाही पण किड्याची वाढ बिघडवते, ते सर्वांत सुरक्षित, हा विचार तेव्हा नवा होता. शिवाय कागदी घटक पायऱ्होकोरिसच्या कुळालाच बाधतो, इतर कीटकांना नाही. म्हणजे नेमक्या शत्रूला गाठणारे औषध. लेखाची भाषाही छान आहे. अपघाताने लागलेला शोध कसा सांगावा याचा तो नमुना आहे.

आता हे सारे आपल्या जिल्ह्याला का सांगायचे? पायऱ्होकोरिसचे सख्खे भाऊबंद आपल्याकडे कपाशीवर राहतात म्हणून. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांतल्या कोणत्याही मुलाला लाल ढेकूण दाखवावे लागत नाहीत. बोंडे फुटू लागली की कळपाने बसलेले, पाठीवर काळे ठिपके असलेले, आणि पुष्कळदा एकमेकांना पाठमोरे चिकटून जोडीने फिरणारे हे लाल किडे त्याने पाहिलेले असतात. सरकीतला रस शोषताना ते रुईला डाग पाडतात. शास्त्रीय नाव डिस्डर्कस. याच डिस्डर्कस कोएनिगीवर कागदी घटक तपासून पाहण्याचे काम के. एन. सक्सेना या भारतीय कीटकशास्त्रज्ञांनी विल्यम्स यांच्यासोबत केले व ते १९६६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. कागदी घटकाने कपाशीवरच्या लाल ढेकणाचेही रूपांतरण अडते, असा त्याचा निष्कर्ष. गोष्टीचा हा भाग आपल्या पुस्तकांत येत नाही. प्राग आणि हार्वर्ड येतात, बाल्सम फर येते, पण ज्या किड्यावर वर्गातला प्रत्येक मुलगा चार वाक्ये बोलू शकला असता तो किडा येत नाही.

पण माझी मुख्य तक्रार ही नाही. गोष्ट सांगून संपते तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात एक चित्र उरते: बाल्यसंप्रेरक आहे तोवर किडा पिल्लू राहतो, ते नाहीसे झाले की तो प्रौढ होतो. हे चूक नाही. पण हुशार विद्यार्थी पुढचा प्रश्न विचारतोच: नाहीसे होते म्हणजे काय? कोण नाहीसे करते? नेमके पाचव्या अवस्थेतच का? ढेकणाला पाचपर्यंत मोजता येते का? या प्रश्नांना त्या गोष्टीत उत्तर नाही, कारण ती रेणूची गोष्ट आहे. रेणूच्या निर्मितीवर ताबा कसा राहतो याची नाही. रेणू ही किल्ली असे आपण सांगतो आणि कुलूप कोण, केव्हा, कशावरून उघडतो हे विसरतो.

गंमत अशी की ही दुसरी गोष्ट कागदी घटकाच्या पुष्कळ आधीपासून चालू होती. पोलंडचे स्टेफान कोपेच यांनी १९१७ ते १९२२ या काळात एका पतंगाच्या अळ्यांचा मेंदू काढून पाहिला. शेवटच्या अवस्थेत लवकर मेंदू काढला तर अळी जगते पण कोशात जात नाही. काही दिवस उलटल्यावर काढला तर ती कोशात जाते. म्हणजे तोवर मेंदूने जे रक्तात सोडायचे ते सोडून झालेले असते. मज्जासंस्थेचा एखादा भाग ग्रंथीसारखा स्राव सोडतो ही कल्पना त्या काळी कुणाला पचली नाही. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये विगल्सवर्थ यांनी ऱ्होडनियस नावाच्या दक्षिण अमेरिकेतील रक्तपिपासू ढेकणावर तसेच प्रयोग केले. हा ढेकूण प्रत्येक अवस्थेत एकदाच पोटभर रक्त पितो आणि ठरावीक दिवसांनी कात टाकतो. जेवणानंतर लगेच डोके उडवले तर कात टाकत नाही. काही दिवसांनी उडवले तर बिनडोक्याचा ढेकूण कात टाकतो! विगल्सवर्थ यांनी असेही दाखवले की मेंदूला संदेश जातो तो फुगलेल्या पोटाकडून. खाल्लेले अन्न किती पौष्टिक हा नंतरचा प्रश्न. आधी पोट ताणले गेले पाहिजे. आणि बाल्यसंप्रेरक मेंदूमागच्या कॉर्पोरा अलाटा नावाच्या चिमुकल्या ग्रंथींतून येते, हेही त्यांनीच १९३६ साली दाखवले.

आता वर्गात लावायचे नेहमीचे तक्ते पाहा. वर मेंदू, त्याखाली वक्षातील ग्रंथी, त्याखाली त्वचा. बाजूला कॉर्पोरा अलाटा. आणि सगळे बाण वरून खाली. मेंदू हुकूम सोडतो, वक्षग्रंथी एक्डायसोन बनवते, एक्डायसोनमुळे कात पडते. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश तहसीलदाराकडे, तहसीलदाराचा तलाठ्याकडे, असा तो प्रकार. असा तक्ता पाठ करायला सोपा असतो. पण कोणतेही प्रशासन खालून वर जाणाऱ्या अहवालावाचून चालत नाही, आणि किड्याचे शरीर तर नाहीच नाही. तक्त्यावर एकही बाण खालून वर गेलेला नसतो, हा त्याचा खरा दोष.

खालून वर जाणारे बाण कसे असतात, याचे सर्वांत चांगले उदाहरण तंबाखूवरच्या मँडुका नावाच्या मोठ्या अळीचे आहे. १९७४ साली निहूट आणि विल्यम्स यांनी दाखवले की शेवटच्या अवस्थेतली ही अळी एका विशिष्ट वजनाला, सुमारे ५ ग्रॅमला, पोचेपर्यंत उपाशी ठेवली तर तिचे कोशात जाणे लांबते. ते वजन ओलांडल्यावर मात्र खाणे बंद केले तरी ती वेळेवर कोशात जाते. त्या वजनानंतर कॉर्पोरा अलाटा बाल्यसंप्रेरक बनवणे थांबवतात, आणि जे रक्तात शिल्लक असते त्याचे तुकडे करणारे विकर वाढते. निर्मिती बंद आणि साठ्याचा नाश, अशी दुहेरी कारवाई. रक्त बाल्यसंप्रेरकापासून मोकळे झाले की मगच मेंदू वक्षग्रंथीला जागे करणारा आपला स्राव सोडतो. बाहेरून बाल्यसंप्रेरक दिले तर मेंदूचा तो स्रावही लांबतो. म्हणजे तक्त्यात जी ग्रंथी मेंदूच्या हाताखाली दाखवलेली असते तीच मेंदूला थांबवून धरते. ‘अळी पाच अवस्था मोजते’ असे म्हणण्यापेक्षा ती आपले आकारमान जोखते हे म्हणणे अधिक बरोबर आहे. निहूट यांनीच पुढे १९७९ साली रुईच्या कुळातल्या झाडांवर राहणाऱ्या एका अमेरिकन ढेकणाच्या पोटात नुसते मिठाचे पाणी टोचून त्याला वेळेआधी कात टाकायला लावले. पोट ताणले गेले, एवढेच मेंदूला पुरले.

वर उल्लेखिलेले विल्यम्स हे तेच. किंबहुना १९४० च्या दशकात सिक्रोपिया पतंगाच्या कोशाला महिनोन्‌महिने निद्रिस्त ठेवते ते मेंदूचे गप्प राहणे, आणि थंडी खाल्लेला मेंदू दुसऱ्या निद्रिस्त कोशात बसवला तर तोही जागा होतो, हे त्यांनीच सिद्ध केले होते. संप्रेरकाची निर्मिती बाहेरच्या ऋतूवर कशी टांगलेली असते हे ज्याने जगाला दाखवले, त्याने १९६७ च्या लेखात मात्र सगळा भर संप्रेरकाच्या बाटलीवर द्यावा, याचे आश्चर्य वाटते. कीटकनाशक म्हणून विकायचे तर बाटलीच लागते, हे खरे. पण लोकांसाठी लिहिताना विज्ञानातला कोणता अर्धा भाग गाळला जातो, हे यातून दिसते.

कागदी घटकाने प्रसिद्ध झालेल्या त्याच पायऱ्होकोरिसवर पुढे काय झाले? १९७६ साली, म्हणजे विल्यम्स यांच्या लेखानंतर नऊ वर्षांनी, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या माग्दालेना होदकोवा यांचे काम ‘नेचर’मध्ये आले. प्रौढ मादीला अंडी वाढवण्यासाठी पुन्हा बाल्यसंप्रेरक लागते. (नाव बाल्याचे आणि काम मातृत्वाचे! नाव ठेवताना घाई झाली की असे होते.) दिवस मोठे असले की मादी अंडी घालते, दिवस लहान झाले की अंडी थांबतात. होदकोवा यांनी लहान दिवसांतल्या मादीच्या मेंदूपासून त्या ग्रंथीकडे जाणारी मज्जातंतूची जोडणी तोडली. मादी अंडी घालू लागली. म्हणजे लहान दिवसांत ग्रंथी आपणहून निजलेली नसते; मेंदू तिला मज्जातंतूमार्गे दाबून धरतो. दाब काढला की ती कामाला लागते. एका कात्रीच्या प्रयोगाने ‘हुकूम देणारा मेंदू’ हे चित्र उलटे झाले: इथे मेंदूचे काम मना करण्याचे आहे. हा प्रयोग कागदी टॉवेलच्या गोष्टीइतकाच नाट्यमय आहे, किडाही तोच आहे, तरी तो कोणत्याही सोप्या लेखात मला आढळलेला नाही.

ही मनाई मेंदू कोणत्या रेणूंनी करतो, याचा धागा १९८९ साली हाती लागला. अमेरिकेतील बार्बरा स्टे आणि कॅनडातील स्टीफन टोब यांच्या गटाला एका झुरळाच्या मेंदूतून अशी छोटी प्रथिनतुल्य द्रव्ये मिळाली, जी कॉर्पोरा अलाटाचे उत्पादन थांबवतात. त्यांना अलाटोस्टॅटिन म्हणतात. त्याच वर्षी मँडुका पतंगात उलट काम करणारे, उत्पादन वाढवणारे अलाटोट्रोपिन सापडले. आणि इथे आणखी एक धडा आहे. झुरळात जे अलाटोस्टॅटिन ग्रंथीला आवरते तेच पतंगात ते काम करत नाही; पतंगाचे वेगळे आहे. ‘कीटकांमध्ये असे असते’ या शब्दांनी सुरू होणारे प्रत्येक वाक्य म्हणूनच जरा जपून लिहावे. खुद्द बाल्यसंप्रेरकाचा रेणूही सर्व कीटकांत एकसारखा नाही. ढेकणांच्या वर्गातल्या एका किड्यात त्याचा एक निराळाच प्रकार असल्याचे २००९ साली जपानमधील संशोधकांनी दाखवले.

आता लेखातल्या सर्वांत ठाम विधानाकडे येऊ, कारण त्याचा संबंध थेट शेतकऱ्याच्या खिशाशी आहे. विल्यम्स यांचे म्हणणे होते की किडे डीडीटीला प्रतिकार करू लागले, पण स्वतःच्याच संप्रेरकाला प्रतिकार करणे त्यांना सोपे जाणार नाही; तसे करणे म्हणजे आत्महत्याच. तर्क देखणा आहे. अजूनही तो शेतीविषयक लिखाणात नव्या शब्दांत भेटतो: ‘वाढनियंत्रक औषधांना किडी सरावत नाहीत.’

प्रत्यक्षात त्या सरावल्या. पायरिप्रॉक्सिफेन हे बाल्यसंप्रेरकाची नक्कल करणारे औषध इस्राएलमध्ये १९९१ पासून पांढऱ्या माशीवर वापरात आले आणि काही वर्षांतच तिथल्या हरितगृहांत प्रतिकारक्षम माश्या आढळल्या. कॅलिफोर्नियातील डासांच्या एका जातीत मेथोप्रीन या दुसऱ्या नकलेला प्रतिकार १९९० च्या दशकाच्या अखेरीस नोंदला गेला. तर्क कुठे फसला? नक्कल म्हणजे अस्सल नव्हे, हे त्यात विसरले गेले होते. किड्याच्या शरीरातली विकरे अस्सल संप्रेरकाला हात न लावता नकलेचे तेवढे तुकडे करू शकतात. मग आत्महत्येचा प्रश्नच येत नाही. आणखी एक धक्का प्रयोगशाळेतून आला. १९८६ साली विल्सन आणि फेबियन यांना फळमाशीत असे एक उत्परिवर्तन मिळाले की त्या माश्या मेथोप्रीनला दाद देत नाहीत, तरी जगतात व वाढतात. पुढे कळले की ज्या जनुकात बदल झाला ते बाल्यसंप्रेरक ओळखणाऱ्या ग्राहीचेच जनुक. आणि फळमाशीत त्याच्यासारखेच आणखी एक जनुक असल्याने एक बिघडले तरी दुसऱ्यावर निभावते. घरात दोन कर्ते असले की एकाच्या आजारपणाने चूल विझत नाही, तसे. हे सारे १९६७ साली माहीत असणे शक्य नव्हते, म्हणून विल्यम्स यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आज तेच विधान पुन्हा छापणाऱ्याला ती सवलत मिळत नाही. पायरिप्रॉक्सिफेन आपल्याकडेही कपाशीवरच्या पांढऱ्या माशीसाठी विकले जाते. ‘सरावत नाही’ या भरवशावर एकच औषध पुन्हा पुन्हा फवारले गेले तर इस्राएलमध्ये जे झाले ते इथे होणार नाही असे मानायला काहीही आधार नाही.

दुसरी उणीव वेळेची. बाल्यसंप्रेरकाची नक्कल परिणाम करते ती मुख्यतः जेव्हा किड्याच्या शरीरातून अस्सल नाहीसे व्हायला हवे तेव्हा, म्हणजे शेवटच्या अवस्थेत, किंवा अंड्यात. बाकी वेळी ते त्याच्या अंगात असतेच; वरून थोडे पडले तर बिघडत नाही. निर्मितीचे वेळापत्रक माहीत नसेल तर फवारणी वाया जाते. आणि एक विपरीत गोष्ट: प्रौढ न झालेले पिल्लू मरेपर्यंत खातच राहते, कधी नेहमीपेक्षा जास्त. जिथे अळीच पीक फस्त करते तिथे अळीपण लांबवून काय साधणार? म्हणून ही औषधे खरी यशस्वी झाली ती डासांविरुद्ध, कारण डासाची अळी निरुपद्रवी आणि चावतो तो प्रौढ. डेंग्यूच्या डासांसाठी साठवलेल्या पिण्याच्या पाण्यात पायरिप्रॉक्सिफेन वापरायला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे, ते याच कारणाने.

हाच मुद्दा उलट बाजूने रेशीम शेतीत दिसतो. आपल्या जिल्ह्यातही तुती लावून रेशीम घेणारे शेतकरी आहेत. रेशीमकिड्याला शेवटच्या अवस्थेच्या सुरुवातीला बाल्यसंप्रेरकाची अगदी थोडी नक्कल दिली तर तो थोडे जास्त काळ तुती खातो आणि कोष वजनदार होतो. मात्रा वाढली की कोषच होत नाही. उलट म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने ‘संपूर्णा’ नावाने जे द्रव्य दिले आहे ते वनस्पतींतून मिळणाऱ्या एक्डायसोनसारख्या संप्रेरकाचे. काही अळ्या पिकू लागल्या की ते तुतीच्या पाल्यावर शिंपडतात, म्हणजे मागे राहिलेल्या अळ्याही सोबतच कोष विणायला लागतात. एक द्रव्य खाणे लांबवते, दुसरे आवरते घेते. कपाशीत जे विष तेच तुतीत खुराक, हे मुलांना सांगितले तर ‘संप्रेरक म्हणजे काय’ याची व्याख्या पाठ करून घ्यावी लागणार नाही.

निंबोळी अर्काचेही तसेच. पाच टक्के निंबोळी अर्काची शिफारस ठाऊक नाही असा कापूस उत्पादक विरळा. माहितीपत्रकात लिहिलेले असते की त्याने किडीची वाढ थांबते. कशी थांबते? निंबोळीतले ॲझाडिरॅक्टिन हे कोणत्याही संप्रेरकाची नक्कल करत नाही. एक म्हणजे किड्याला खाणे नकोसे होते. आणि दुसरे म्हणजे मेंदू व त्याला जोडलेल्या ग्रंथींतून सुटणारा स्राव अडतो. मग वक्षग्रंथी वेळेवर जागी होत नाही, एक्डायसोन हवे तेव्हा हवे तेवढे येत नाही, आणि किडा कात टाकताना अडकून मरतो. म्हणजे आपल्या बांधावरचे झाड जिथे घाव घालते ते ठिकाण संप्रेरकाच्या निर्मितीवरचे नियंत्रण हेच. म्हणूनच ते फवारल्यावर किडा तडकाफडकी मरत नाही. ‘संध्याकाळी फवारले, सकाळी किडे तसेच’ अशी तक्रार ऐकू येते. तिचे उत्तर ज्या धड्यात असायला हवे त्या धड्यात फुलपाखराची चार गोल चित्रे असतात.

गुलाबी बोंडअळीचेही एक उदाहरण द्यायला हवे. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भात जो हाहाकार केला तो अजून विसरलेला नाही. हंगाम सरत आला, दिवस लहान झाले की या अळ्यांपैकी काही पूर्ण वाढूनही कोशात जात नाहीत. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत सुप्त पडून राहतात आणि पुढच्या हंगामाला उपयोगी पडतात. किती वाजता उजाडते आणि किती वाजता मावळते, हे मोजून मेंदू संप्रेरकांचा पुरवठा बदलतो, त्याचा हा परिणाम. अळीची सुप्तावस्था सगळ्या किडींत एकाच पद्धतीने टिकते असे नाही. अमेरिकेतल्या मक्याच्या एका खोडकिडीत ती बाल्यसंप्रेरक चढे ठेवून टिकते, सिक्रोपियाच्या कोशात मेंदू गप्प राहून. फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, जिनिंगच्या आवारातली सरकी साचू देऊ नका, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. ती केवळ स्वच्छतेची शिकवण समजली जाते. लहान दिवसांतल्या सुप्त अळीचा हिशेब त्यामागे आहे, हे विज्ञानाच्या तासाला सांगता येईल.

आणि तासाला सांगण्यापुरतेच हे कशाला राहावे? लाल ढेकूण पाळायला फार सोपे आहेत. दिवाळीनंतर फवारणी न झालेल्या शेतातून किंवा काटेसावरीच्या झाडाखालून पंधरा-वीस पिल्ले आणावीत. रुंद तोंडाच्या बरणीत तळाशी ओलसर वाळू, वर पातळ फडके, आणि खायला भिजवलेली सरकी. सरकी जिनिंगमधून आणावी. पेरणीच्या पाकिटातल्या बियाण्याला औषध चोळलेले असते, ते घेऊ नये. बीटी सरकीनेही काम होते, कारण तिच्यातले विष अळ्यांसाठी आहे, ढेकणांसाठी नाही. हात धुण्याची सक्ती मात्र ठेवावी. प्रत्येक कात मोजावी, पंखांचे कोंब केव्हा दिसू लागले ते लिहावे. वेगवेगळ्या बरण्यांत वेगवेगळे कागद घालून पाहावेत: वहीचा, पुठ्ठ्याचा, आणि परदेशी लगद्याच्या कागदावर छापलेले एखादे वर्तमानपत्र. सहाव्या अवस्थेचे पिल्लू निघाले तर तो कागद जपून ठेवावा.

दुसरा प्रयोग अधिक महत्त्वाचा, आणि त्याला कागद लागत नाही. पाचव्या अवस्थेत आलेल्या पिल्लांचे चार गट करावेत. एका गटाची सरकी पहिल्या दिवशी काढावी, दुसऱ्याची तिसऱ्या दिवशी, तिसऱ्याची पाचव्या दिवशी. चौथ्याची काढूच नये. पाणी सर्वांना द्यावे, कापसाचा ओला बोळा ठेवला की पुरे. मग कोणत्या गटातले किती किडे प्रौढ झाले, किती दिवसांनी झाले, आणि झालेले प्रौढ आकाराने लहान आहेत का, याचा तक्ता मुलांनी फळ्यावर स्वतः काढावा. कोणत्या दिवसापासून उपाशी ठेवलेला किडाही पंख फुटून बाहेर येतो, तो दिवस वहीत लाल शाईने लिहावा. थंडी वाढली की तो पुढे सरकतो का, हे पाहायला डिसेंबरात पुन्हा एकदा बरण्या मांडाव्यात.